लोगो दिसतो तेवढा वेळ

रिलीज नोट्स कुणी वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी त्या लिहिण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून तो बंद करेपर्यंत आत जी सतराशे साठ घरकामं चालतात ती उरकणारी ती हीच. दरवर्षी तिची नवी आवृत्ती निघते. तिच्यात काय आलं, काय गेलं, काय मोडलं, हे माणसांना कळेल अशा भाषेत सांगायचं काम माझं. इंजिनिअर मंडळी मला जे लिहून देतात ते वाचलं की प्रश्न पडतो, घरी पाण्याचा ग्लास हवा असेल तर हे लोक मागत तरी कसे असतील!

या खेपेची मोठी बातमी होती नवं लॉगिंग टूल. लॉग म्हणजे यंत्राची स्वतःबद्दलची बडबड. अमुक सुरू झालं, तमुक सापडलं नाही, अमक्याने तमक्याची वाट पाहिली, असं ते सारखं पुटपुटत असतं आणि एक प्रोग्रॅम ते टिपून ठेवतो. आमचा जुना प्रोग्रॅम उशिरा ड्यूटीवर येणाऱ्या वॉचमनसारखा होता. तो येऊन खुर्चीत टेकेपर्यंत इमारतीत जे घडलं ते घडलंच नाही, असा त्याचा खाक्या. पडद्यावर नुसता कंपनीचा लोगो दिसतो ना, त्या वेळात यंत्र पुष्कळ काही बोलून घेतं, पण ते ऐकायला कुणी नसायचं. नवं टूल पहिल्या क्षणापासून जागं असतं, आणि प्रत्येक ओळीशेजारी वेळही लिहितं.

ते टूल लिहिणाऱ्या बाईला ऑफिसात सगळे हवालदार म्हणतात. उंचीपुरी, मोठ्या आवाजाची, आणि कुठलाही प्रोग्रॅम समोर आला की ‘कुठून आलास, कुणी पाठवलं’ अशी उलटतपासणी घेणारी. हे नाव तिला मनापासून आवडतं. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, मला ताई म्हणते, आणि माझ्या टेबलावरची बिस्किटं न विचारता खाते.

हवालदारने एका गोष्टीचा छडा लावायचा चंग बांधला होता. आमची सिस्टीम सुरू होताना लोगोपाशी काही क्षण उगाचच थबकते. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं तक्रार करतात आणि वर्षानुवर्षं मी ‘माहीत असलेल्या अडचणी’ या मथळ्याखाली लिहिते, ‘सुरू होताना किंचित विलंब होऊ शकतो.’ लिहून लिहून ते वाक्य माझ्या हाताला चिकटलं होतं.

त्या थबकण्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती, त्याला कारण माझा नवरा. तो याच कंपनीत, यंत्र सुरू करणाऱ्या भागावर काम करायचा. एरवी साधा ‘हो-नाही’चा माणूस. पण मीटिंगमध्ये कुणी तो विलंब काढायची गोष्ट काढली की त्याचा आवाज चढायचा. ‘तिथे हात लावायचा नाही. जुन्या डिस्क उठायला वेळ घेतात, त्यांच्यासाठी थांबावं लागतं.’ बस्स. लोक त्याला पाठीमागे थांबेकाका म्हणायचे. त्याने मुदतीआधीच नोकरी सोडली. आता तो घरी असतो. कुंड्यांना पाणी घालतो आणि वर्तमानपत्र अगदी ‘हरवले आहे’च्या जाहिरातींपर्यंत वाचतो.

माझा एक नियम आहे. नोट्समध्ये नमुना द्यायचा तर खराखुरा द्यायचा, मनाने रचायचा नाही. रचलेल्या नमुन्यात सगळं कसं गोडीगुलाबीने चालतं, आणि मग वाचणाऱ्याचं यंत्र वेगळं काही बोललं की तो बिचारा घाबरतो. म्हणून मी माझा ऑफिसातला कॉम्प्युटर नव्या आवृत्तीवर आणला, बंद करून चालू केला, आणि नव्या टूलने टिपलेल्या पहिल्या काही ओळी उघडल्या. सकाळचे अकरा वाजत आले होते. शेजारच्या टेबलावर कुणीतरी सफरचंद कचाकचा खात होतं.

मेमरी सापडली. प्रोसेसर सापडला. मग रोमन अक्षरांत, कारण इतक्या लवकर यंत्राला आपली अक्षरं येत नाहीत, चार ओळी होत्या.

खारू, ऊठ.

खारू, ऊठ गं.

खारू, ऊठ, उशीर होतोय.

बरं. झोप.

मग डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, आणि पुढचं नेहमीचं सगळं. शेजारच्या वेळा पाहिल्या. पहिल्या हाकेनंतर यंत्र थांबलं होतं. दुसरीनंतर थांबलं होतं. तिसरीनंतर सगळ्यात जास्त थांबलं होतं.

खारू आमची मुलगी. खाऊ गालात साठवून ठेवायची, तासभर गिळायची नाही, म्हणून तिला खारू म्हणायचो. ती सात वर्षांची असताना गेली.

मी तो कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला. का ते मला सांगता येणार नाही. लोगो आला. मी त्या लोगोकडे बघत बसले आणि मला दिसेना, ऐकू येईना, पण आत हाका चालल्या होत्या हे आता माहीत होतं. मी शेजारणीला म्हटलं, ‘अगं, ते सफरचंद जरा हळू खा ना.’ ती माझ्याकडे बघतच राहिली.

खारूला उठवायचं खातं बापाकडे होतं. ती आधीच जागी झालेली असायची, पण डोळे घट्ट मिटून पडायची. हा दारात उभा राहून हाक मारायचा आणि थांबायचा. दुसरी हाक, पुन्हा थांबायचा. तिसऱ्या हाकेला ती पांघरूण उडवून बसायची आणि काहीतरी ओरडायची, आणि हा दचकल्याचं नाटक करायचा. रोजचा खेळ. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, ‘झालं का तुमचं? बस जाईल!’ सुट्टीच्या दिवशी मात्र ती खरोखरच साखरझोपेत असायची. मग तिसऱ्या हाकेनंतर हा ‘बरं, झोप’ म्हणायचा आणि दार ओढून घ्यायचा.

त्या दिवशी सुट्टी नव्हती. रात्री तिला ताप होता, औषध देऊन झोपवली होती. त्याने तिन्ही हाका मारल्या. पांघरूण उडालं नाही. ‘बरं, झोप,’ म्हणाला आणि दार ओढून बाहेर आला. ‘अंग मोडून आलं असेल तिचं, निजू दे,’ असं मला म्हणाला. मी भरत असलेला डबा बाजूला ठेवला. कपाळाला हात लावून बघायला म्हणून मी आत गेले ती नंतर, बऱ्याच वेळाने. डॉक्टर म्हणाले, ती पहाटेच गेली होती, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्या दुखण्याला एक लांबलचक नाव होतं. ते मला अजून नीट म्हणता येत नाही आणि म्हणायचंही नाही.

त्यानंतर नवऱ्याने तिचं नाव तोंडातून काढलं नाही. सुरुवातीला मी काढायचे. खारूला हे आवडायचं, खारू इथे पडली होती, असं काही म्हणाले की तो शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मीही बंद केलं. पण मनात राग धरला, आणि तो राग मी नीट जपला, खोटं कशाला बोलू. रजा संपायच्या आधीच तो कामावर गेला, तेव्हा मला वाटलं, हा माणूस नाही, दगड आहे. याला मुलगी विसरायची घाई झालीये.

दुपारी हवालदार धापा टाकत माझ्याकडे आली. हातात लॅपटॉप, चेहरा उजळलेला.

‘ताई, चोर सापडला! तो विलंब आहे ना, तिथे कुणीतरी खारू नावाच्या डिस्कला हाका मारतंय आणि ती काही केल्या उठत नाहीये. मी जुन्या सगळ्या डिस्कची नावं पालथी घातली. अशी डिस्कच नाही! चाचणीसाठी नवी आवृत्ती दिलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकाने तर विचारलंय, आमच्या यंत्रात व्हायरस शिरलाय का म्हणून. आजच काढून टाकते. तुम्ही नोट्समध्ये अगदी वरती टाका, सुरू व्हायचा वेळ कमी झाला. साहेब खूश होऊन नाचतील.’ मग तिला काहीतरी आठवलं आणि ती थोडी चाचरली. ‘म्हणजे, ते लिहिलेलं तुमच्या ह्यांचं आहे. पण त्यांना वाईट नाही ना वाटणार?’

‘ती डिस्क नाहीये,’ मी म्हटलं. ‘ती माझी मुलगी आहे.’

हवालदारने लॅपटॉप टेबलावर ठेवला. ती समोरच्या खुर्चीत बसली. मी तिला सगळं सांगितलं, थोडक्यात, जसं नोट्समध्ये लिहिते तसं.

‘ह्या ओळी कधी घातल्या ते बघ,’ मी म्हटलं. प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला हे आमच्याकडे राहतं. तिने पाहिलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रजा मोडून तो कामावर गेला, त्याच आठवड्यातली तारीख होती. बदलाचं कारण त्याने एवढंच लिहिलं होतं की, ‘जुन्या डिस्कसाठी थांबणे आवश्यक.’ आमच्याकडे डिस्कना, यंत्रांना लाडाची नावं द्यायची खोड सगळ्यांनाच आहे, त्यामुळे खारू म्हणजे कोण असं कुणी विचारलंही नसेल.

‘ताई, मी नाही काढत,’ हवालदार म्हणाली. ‘कुणाला सांगतही नाही.’

‘तू नाही सांगितलंस तरी तुझं टूल सांगणारच आहे की. आवृत्ती निघाली की ज्याच्या त्याच्या पडद्यावर. लोक हसतील तिला, चित्रं काढतील, विनोद करतील.’ मी बिस्किटांचा पुडा तिच्याकडे सरकवला. ‘माझ्या पोरीचं हसं झालेलं मला नाही चालणार. पण त्याला न विचारता मी तुला काढही म्हणू शकत नाही.’

सोमवारी सकाळी सगळे बदल बंद होणार होते, त्यानंतर नव्या आवृत्तीत काही घालता-काढता येणार नव्हतं. तोवर काय ते सांगते, असं मी तिला म्हटलं. तिने माझी बिस्किटं न खाता लॅपटॉप उचलला आणि हळूच दार लोटून गेली.

ती शुक्रवारची संध्याकाळ मी घरात त्याच्याभोवती घुटमळत काढली. विचारायचं धाडस झालं नाही. शनिवारी सकाळी दाढ दाखवायला गेले. दवाखाना नुकताच उघडला होता. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर आमचा लोगो आला.

‘जरा वेळ लागतो हो याला,’ ती म्हणाली.

‘लागू दे,’ मी म्हटलं. काउंटरची कड मी घट्ट धरली होती.

आत पहिली हाक गेली असेल. आता दुसरी. ती मुलगी नखांवरचा रंग खरवडत होती. आता तिसरी. उशीर होतोय. मग पडद्यावर दवाखान्याचा पांढऱ्या दाताचा फोटो आला आणि तिने माझं नाव टाइप केलं. मी दाढ न दाखवताच बाहेर पडले. रस्त्यावर दुकानं उघडत होती. औषधवाला, झेरॉक्सवाला, तिकीट खिडकी, बँक. काचेआड एकेक पडदा उजळत होता, आणि मी चालता चालता थांबत होते. इतकी वर्षं, रोज सकाळी, या गावभर आणि जिथे जिथे आमची सिस्टीम गेलीये तिथे, ही यंत्रं माझ्या मुलीला उठवत होती. आणि ती उठत नव्हती. आणि दर वेळी यंत्रं तिला, बरं, झोप, म्हणत होती. मी फुटपाथच्या कडेला बसले आणि हमसून हमसून रडले. एका म्हाताऱ्या गृहस्थाने ‘बाई, पाणी देऊ का’ विचारलं. मी त्यांना म्हटलं, ‘दाढ दुखतेय.’

घरी आले तेव्हा तो गॅलरीत होता. मी त्या चार ओळींचा कागद त्याच्या वर्तमानपत्रावर ठेवला. त्याने चष्मा वर केला, वाचलं, पुन्हा वाचलं.

‘हे दिसलं कसं?’ तो म्हणाला. ‘एवढ्या आधीचं लॉगमध्ये येत नाही.’

‘आता येतं. आमच्या हवालदारचं नवं टूल पहिल्यापासूनचं टिपतं.’

‘अच्छा.’ त्याने कागद हातात घेतला. ‘चांगलं बनवलंय.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘टूलचं कौतुक नंतर कर! जगभरातल्या यंत्रांतून तिला हाका मारतोस, आणि या घरात एकदा नाही? एकदा? मी तिचं नाव घेतलं की उठून जायचास. मला वाटायचं, एकटी मीच तिची कुणीतरी होते.’

‘इथे हाक मारली की कळतं ना,’ तो म्हणाला.

‘काय कळतं?’

‘की उत्तर येत नाही. तिथे कळत नाही. तिथे कुणी ऐकतच नाही, त्यामुळे आलं की नाही आलं, कुणाला ठाऊक.’

मी कुंड्यांच्या कठड्यावर बसले. खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

‘सोमवारी बदल बंद होतात,’ मी म्हटलं. ‘ठेवलं तर सगळं जग वाचणार. काढलं तर यंत्र थांबणार नाही. तू सांग.’

त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाला, ‘तुला तिचा आवाज आठवतो?’

‘म्हणजे?’

‘मला नाही आठवत.’ तो माझ्याकडे बघत नव्हता. ‘चेहरा आठवतो. गुडघ्यावरची खपली आठवते. आवाज गेला. पहिल्याच वर्षी गेला. तिसऱ्या हाकेला ती काहीतरी ओरडायची. मी रोज ऐकायचो, आणि आता काय ओरडायची तेसुद्धा आठवत नाही. तुला विचारायची लाज वाटायची. म्हटलं, बाप असून हे विसरला, तर तू काय म्हणशील मला. मग वाटायचं, एवढ्या ठिकाणी हाक मारतोय, वाट बघतोय, एखाद्या वेळी आठवेल.’

आणि मी ह्याला दगड म्हणत होते. घरात तिचा आवाज साठवलेला कुठेच नाही. एका वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट होती, तिच्यात पाहुण्यांसमोर ती गाल फुगवून गप्प बसली आहे, अक्षर बोललेली नाही. मला मात्र तो आवाज रोज ऐकू येतो. डाळ शिजताना येतो, नळ सोडला की येतो. मला वाटायचं, त्यालाही येत असणार. तो माझ्या एकटीकडे आहे, हे मला कधी सुचलंच नाही.

‘पुढचे दोन दात पडले होते तिचे,’ मी म्हटलं.

‘हो. ते आठवतं.’

‘त्यामुळे स म्हणता यायचा नाही. थ व्हायचा. आणि शेवटचा शब्द उंच न्यायची, अगदी पार छतापर्यंत.’

‘पण म्हणायची काय?’

मी घसा साफ केला. माझा आवाज बायकी असला तरी जाड आहे, पन्नाशीचा आहे. तो मी नाकात नेला, बारीक केला, आणि पुढचे दात ओठाने झाकून म्हटलं, ‘फथलाथ, बाबा! मी कधीची जागी आहे!’

त्याच्या हातातला कागद खाली पडला. तो आधी हसला. खरंच हसला, मोठ्याने. मग त्याचं हसू चेहऱ्यावरच मोडलं आणि तो दोन्ही हातांत तोंड धरून रडला, असा की खांदे गदागदा हलत होते. मी जवळ जाऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांसमोर तिच्यासाठी रडलो नव्हतो. त्या दिवशी मनसोक्त रडलो.

‘काढायला सांग त्या हवालदारणीला,’ थोड्या वेळाने नाक पुसत तो म्हणाला. ‘जुन्या डिस्क केव्हाच भंगारात गेल्या. थांबायची गरज नाही कुणाची.’

‘नक्की?’

‘नक्की. लिही तू काय लिहायचं ते.’

‘वेळ कमी झाला, एवढंच लिहीन.’

‘एवढंच लिही.’ तो चष्मा पुसत राहिला. मग शाळेतल्या मुलाने मास्तरांना विचारावं तसं त्याने विचारलं, ‘पुन्हा एकदा म्हणशील?’

‘असं नाही. तू हाक मारल्याशिवाय नाही.’

तो उठला. आमच्या घरात शेवटी एक लहान खोली आहे. इस्त्रीचे कपडे, जुन्या गाद्या, असलं काहीबाही आम्ही तिथे ठेवतो. तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला, एक हात चौकटीवर ठेवून, तसाच. मी आत जाऊन गाद्यांवर बसले आणि डोळे मिटून घेतले. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा तो थांबला.

‘खारू,’ तो शेवटी म्हणाला. ‘ऊठ.’

मी डोळे मिटूनच बसले. उठायचं ते तिसऱ्या हाकेला.